आजोबांच्या ट्रंकेतलं जर्मन पिस्तूल: त्यावरचे शिक्के कसे वाचायचे?

आजचा विषय पडघ्याहून आलेल्या एका प्रश्नावरून सुचला. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेले असतील आणि त्यांच्या ट्रंकेत जर्मन पिस्तूल निघालं, तर ते कुठलं, कधीचं हे कसं ओळखायचं? प्रश्न अगदीच हवेतला नाही. 1943 ते 1945 या काळात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथल्याच लढाईत. आणि शत्रूच्या अधिकाऱ्याचं पिस्तूल आठवण म्हणून ठेवणं हे तेव्हा सगळ्याच फौजांमध्ये चालायचं.

आधी कडू गोष्ट. 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘आठवण’ नावाचा प्रकार नाही. आजोबांचं असो की पणजोबांचं, परवान्याशिवाय पिस्तूल घरात ठेवता येत नाही. ताब्यात ठेवणं बेकायदा झालं की ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, असं कलम 21 सांगतं. वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण ही पिस्तुलं बहुतेक 9 मिलिमीटरची, आणि तो बोअर आपल्याकडे प्रतिबंधित. तेव्हा सापडलं तर हात लावू नका, आत गोळी असू शकते. वकिलाशी बोला, पोलिसांना कळवा. पिशवीत घालून एसटीने घेऊन जाऊ नका म्हणजे झालं!

आणि हो, पॉलिशपेपर तर मुळीच नको. कलम 8 नुसार शस्त्रावरचा नंबर किंवा खूण खोडणं हा गुन्हा आहे. खोडलेलं शस्त्र तुमच्याकडे सापडलं, तर ते तुम्हीच खोडलं असं धरलं जातं. नाही खोडलं, हे तुम्ही सिद्ध करायचं. शिवाय घासून फायदाही होत नाही. ठोकलेल्या आकड्याखालचा धातू आतपर्यंत दाबला गेलेला असतो. प्रयोगशाळेत आम्ल लावलं की तो आकडा पुष्कळदा पुन्हा दिसू लागतो.

आता मजेचा भाग. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन फौजेचं मुख्य पिस्तूल म्हणजे पी 38. कारखान्याचं नाव वाचायला गेलात तर सहसा सापडणार नाही, कारण कोणता माल कुठे बनतो हे शत्रूला कळू नये म्हणून नावाऐवजी सांकेतिक अक्षरं ठोकत. स्लाइडच्या डाव्या बाजूला ‘एसी’ असेल तर वाल्थर, ‘बीवायएफ’ असेल तर माउझर, ‘सीवायक्यू’ असेल तर श्प्रेवेर्क. पहिल्या दोघांत सोबत सालाचे शेवटचे दोन आकडे असतात, म्हणजे ‘एसी’ आणि 42 दिसलं की वाल्थर, 1942. श्प्रेवेर्कवाले साल घालतच नसत.

मग छोटा गरुड शोधा. लष्कराच्या तपासनिसाने माल पास केल्याचा तो शिक्का. गरुडाखालचा आकडा त्या कारखान्यातल्या तपासणी कार्यालयाचा: वाल्थरकडे 359, माउझरकडे 135, श्प्रेवेर्ककडे 88. अक्षरं एका कारखान्याची आणि गरुड दुसऱ्याचा असेल, तर भाग बदललेत का, अशी शंका घ्यायची. दुसऱ्या एका गरुडाच्या पंजात स्वस्तिक असतं. ते आपल्या उंबरठ्यावरचं नव्हे, नाझी राजवटीचं. हा शिक्का गोळी झाडून चाचणी झाल्याचा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती क्रमांकाशी. लोक सांगतात, ‘आमच्याकडे नंबर फक्त चार आकडी आहे, म्हणजे अगदी सुरुवातीचं पिस्तूल.’ तसं नसतं. 10,000 पर्यंत मोजून झालं की पुढे ए, बी अशी अक्षरं जोडत, आणि वाल्थर-माउझरकडे नवं साल लागलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नुसता क्रमांक काहीच सांगत नाही. कारखाना, साल, क्रमांक आणि अक्षर अशी चारही मिळून ओळख होते. हाच क्रमांक फ्रेमवर, स्लाइडवर आणि नळीवर जुळला, तर मोठे भाग मूळचे समजायचे. जुन्या लुगरमध्ये तर बारीक तुकड्यांवरसुद्धा शेवटचे दोन आकडे असतात.

या आकड्यांचं वजन किती? 26 ऑगस्ट 1914 ला कलकत्त्यात रॉडा कंपनीचा माल क्रांतिकारकांनी पळवला: 50 जर्मन माउझर पिस्तुलं आणि 46,000 गोळ्या. प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक नोंदलेला होता. त्यामुळे पुढे बंगालभर जिथे जिथे माउझर सापडलं, तिथे ते रॉडाचंच का, हे पोलिसांना ताडून बघता आलं.

आपल्या इतिहासातलं सगळ्यात दुर्दैवी पिस्तूलही याच रीतीने वाचता येतं, जरी ते जर्मन नव्हतं. 30 जानेवारी 1948 ला नथुराम गोडसेच्या हातात होतं ते इटालियन बेरेटा, मॉडेल 1934, क्रमांक 606824, दोनच दिवस आधी ग्वाल्हेरहून मिळवलेलं. या मॉडेलच्या स्लाइडवर सालाशेजारी रोमन आकडाही असतो. तो मुसोलिनीच्या सत्तेचं वर्ष सांगतो, मोजणी ऑक्टोबर 1922 पासून. म्हणजे 1934 शेजारी बारा असेल, तर ते पिस्तूल त्या वर्षीच्या ऑक्टोबर संपायच्या आत बनलेलं.