बंदीच्या दोन महिन्यांत एक तपासणी

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मिरकरवाडा बंदरात बोटी शाकारल्या जातात, जाळ्यांची डागडुजी सुरू होते आणि तांडेल-खलाशांना दवाखान्याची पायरी चढायला सवड मिळते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी याच दिवसांत लघवीची एक तपासणी करून घ्यावी: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजेच एसीआर.

‘लघवी तपासली, अल्ब्युमिन निल आलं,’ असं सांगून अनेक जण निर्धास्त होतात. तो रिपोर्ट बहुधा साध्या पट्टीचा असतो. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन असलं की पट्टीवरचा पिवळा चौकोन हिरवट होतो. पण मूत्रपिंडातून होणारी अल्ब्युमिनची गळती थोडी असेल तर तो पिवळाच राहतो. एसीआरमध्ये ती थोडी गळतीही सापडते. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. ३० ते ३०० म्हणजे धोक्याची सुरुवात. या टप्प्यावर पाय सुजत नाहीत, काही दुखतही नाही.

क्रिएटिनिनशी भागाकार कशाला? उन्हात कमी पाणी प्यायलेल्याची लघवी गडद होते, भरपूर प्यायलेल्याची पातळ. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन दोन्ही सारखीच गडद-पातळ होतात, म्हणून भागाकाराने तो फरक निघून जातो. सकाळचा एकच नमुना पुरतो. मात्र जाळं ओढण्यासारख्या जबर मेहनतीने, तापाने किंवा लघवीच्या संसर्गानेही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. म्हणून विश्रांतीचे हे दिवस बरे. आकडा जास्त आला तर घाबरू नये. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने जास्त आले, तरच निदान पक्कं धरतात.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातलं अल्ब्युमिन त्या जवळजवळ पूर्ण अडवतात. मधुमेह-रक्तदाबाने रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडलं की अल्ब्युमिन झिरपू लागतं. तसंच अस्तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही आहे, म्हणून ही गळती हृदयाचीही काळजी वाढवते. अशा थोड्याशा गळतीचा मधुमेहींच्या अकाली मृत्यूशी असलेला संबंध डेन्मार्कचे डॉक्टर मोगेनसेन यांनी १९८४ मध्येच दाखवला होता.

यावर उपाय आहेत, ही मोठी गोष्ट. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या गळती कमी करतात. डापाग्लिफ्लोझिन हे औषध मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही सांभाळतं. पेटंट संपल्यापासून ते बरंच स्वस्त झालं आहे. गोळी कोणती, हे डॉक्टरच ठरवतील. पावसाळ्यात ताटात येणारा खारा बांगडा मात्र आपल्या हातात आहे, आणि अंग ठणकतं म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकही. बांगडा कमी करा, ती गोळी आधी थांबवा. लॅबमध्ये गेल्यावर नुसतं ‘लघवी तपासायची आहे’ म्हणू नका, एसीआर हवा असं सांगा.