स्पॉटिंग स्कोपमधून फोटो? येतो की!

घटप्रभा नदीवरच्या धुपदाळ बंधाऱ्यावर स्कोपला छोटा डिजिटल कॅमेरा लावलेला बघून निपाणीच्या एका काकांनी विचारलं, "ह्यातनं फोटो येतोय व्हय?"

येतो की! ह्याला डिजिस्कोपिंग म्हणतात. हिवाळ्यात घटप्रभेवर कांड्या करकोचे येतात, पण बसतात लांब. तिथं हे कामी येतं.

एकूण फोकल लेंग्थचा हिशेब सोपा: स्कोपची पट गुणिले कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ. २० पट स्कोप, ५० मिमी कॅमेरा, म्हणजे १००० मिमी!

कॅमेरा अडॉप्टरनं आयपीसच्या बरोबर मध्यावर बसवा. कडेला काळं वर्तुळ दिसलं तर कॅमेऱ्याचा झूम थोडा वाढवा.

ट्रायपॉड भक्कम हवा. बटण दाबतानाही स्कोप हलतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा.

ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, फोटो धूसर येतो. सकाळी लवकर जा.

काही अडलं तर खुशाल विचारा.