जेन कॉनची विशलिस्ट: पहिल्या नंबरावर काय टाकायचं?

आज बोलूया जेन कॉनच्या विशलिस्टबद्दल. बॅज काढला, हॉटेल झालं, विमानाचं तिकीट झालं, आणि ज्या खेळासाठी एवढा खर्च केला त्याच्याच टेबलावर जागा नाही, असं होऊ शकतं. म्हणून यादीचा क्रम महत्त्वाचा.

थोडी पार्श्वभूमी. जेन कॉन १९६८ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात सुरू झालं. २००३ पासून ते इंडियानापोलिसला भरतं. आता चार दिवसांत सत्तर हजारांवर माणसं येतात. कार्यक्रम हजारोंनी असतात, पण डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या एका टेबलावर बसणार किती? पाच-सहा जण! म्हणून आधीच जास्तीत जास्त ५० कार्यक्रमांची यादी पसंतीक्रमाने तयार ठेवायची. नोंदणी उघडली की सबमिट दाबायचं. मग रांगेत नंबर लागतो, आणि तो नशिबाचा भाग.

आता खरी मेख. तुमचा नंबर आला की सिस्टीम तुमची अख्खी यादी एकदम वाचते, वरून खाली. जागा असेल तर तिकीट, नसेल तर पुढची ओळ. वर मिळालेल्या खेळाशी वेळ आदळली तर खालचा खेळ सोडून देते. मगच पुढच्या माणसाची पाळी. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरलेल्यांना हे ओळखीचं वाटेल; फक्त तिथे रांग गुणांवर लागते.

बरेच जण म्हणतात, "तो खेळ कुठला मिळायला, पहिला नंबर वाया कशाला घालवू?" इथे वाया काही जात नाही. तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये दुसरं कुणी घुसत नाही. सगळ्यात हवा तो खेळ बिनधास्त वर टाका.

हे सगळीकडे लागू नाही बरं का. बॉस्टनमध्ये २००५ पर्यंत शाळाप्रवेशात आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंती बघत, मग उरलेल्या जागांवर दुसऱ्या. पहिली हुकली की दुसरी शाळाही भरलेली! तिथे पालकांना डाव खेळावा लागायचा. तेव्हा दुसऱ्या कुठल्या कन्व्हेन्शनला जाणार असाल तर वाटप फेऱ्यांनी होतं का, ते आधी वाचा.

जेन कॉनला तुमची यादी भांडते ती स्वतःशीच. समजा गुरुवारी ९ ते १ असा चार तासांचा खेळ वर आहे, आणि ९ ते ११, ११ ते १ असे दोन छोटे खाली. मोठा मिळाला की दोन्ही छोटे गेले. क्रम लावताना स्वतःला विचारा: या एकासाठी ते दोन सोडायला मी तयार आहे का?

एकच खेळ दोन दिवशी असेल तर दोन्ही वेळा लागोपाठ टाका. पण तुम्हाला एकदाच खेळायचंय हे सिस्टीमला कळत नाही. दोन्ही मिळाल्या तर एक लगेच सोडा, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

मित्रांची तिकिटंही तुमच्या यादीत टाकता येतात. फायदा हा की सगळे एकाच टेबलावर. धोका हा की तुमचा नंबर मागे लागला तर सगळेच मागे.

आणि काहीच नाही मिळालं तर? जेनेरिक तिकिटं घ्या, वेळेवर टेबलापाशी उभे राहा. कुणी आलं नाही तर ती खुर्ची तुमची.

चला, यादी करायला घ्या. भेटूया पुढच्या भागात!