थंडीतले पहिले चार किलोमीटर

डिसेंबर लागला की नाशिक, निफाड, पुणे या पट्ट्यात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सकाळी हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे सेल्फ मारून नुसतीच उभी ठेवलेली गाडी. इंजिन चालू, आत कोणी नाही, मालक वर चहा घेत आहेत. दहा मिनिटं झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं असतं. हे सगळं गाडीवरच्या मायेपोटी चालतं, म्हणूनच कळकळीने सांगावंसं वाटतं: आजच्या पेट्रोल गाडीला त्या दहा मिनिटांचा फायदा होत नाही, उलट इंजिनाची झीज होते.

वडिलांचं मात्र काही चुकत नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर, १९८३ साली आलेली मारुती ८०० या सगळ्या कार्ब्युरेटरच्या गाड्या. कार्ब्युरेटरमध्ये आत जाणारी हवा स्वतःबरोबर पेट्रोल ओढून नेते. इंजिन गार असलं की त्या पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते वाटेतल्या नळीच्या भिंतींवर ओलं चिकटून राहतं. सिलिंडरपर्यंत पुरेसं पेट्रोल पोचत नाही आणि गाडी ठसके देत बंद पडते. यावर उपाय म्हणून चोक असे. गुंडी बाहेर ओढली की हवेची वाट आवळली जाई आणि पेट्रोलचं प्रमाण वाढे. मग इंजिनाचा आवाज ऐकत ती थोडी थोडी आत ढकलायची. ती पूर्ण आत जाऊनही इंजिन एका लयीत चालत राहिलं, की पहिला गिअर टाकायचा. यात घाई केली तर नेमकी चौकात गाडी बंद पडायची. त्या काळी थांबणं भागच होतं.

गेल्या शतकाच्या अखेरीस प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा मोटारींमधून कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. आता कुलंटचं तापमान एक सेन्सर मोजतो, आत येणाऱ्या हवेचं दुसरा, आणि इंजिनाचा छोटा संगणक त्या हिशेबाने दर फवाऱ्याला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवतो. चोकचं काम तो स्वतःच करतो. सकाळी गाडी चालू केल्यावर आरपीएमचा काटा हजार-बाराशेच्या आसपास जातो आणि हळूहळू सात-आठशेवर उतरतो, ते याचमुळे.

“पण ऑइल खाली उतरलेलं असतं, ते वर चढायला वेळ नको का?” हा प्रश्न रास्त आहे. वेळ हवा, पण तो काही सेकंदांचा. डॅशबोर्डवरचा तांबडा ऑइलचा दिवा विझला, म्हणजे पंपाने दाब धरला. ऑइल गारठ्याने घट्ट होतं हेही खरं, पण किती गारठ्याने? डब्यावरचा ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० हा आकडा तेच सांगतो. ५डब्ल्यूचं ऑइल उणे ३५ अंशांनाही पंपाने ओढता आलं पाहिजे, अशी त्याची चाचणी असते. जुन्या गाड्यांच्या २०डब्ल्यूसाठी ही मर्यादा उणे २० अंश आहे. पुण्यात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश, तेही जानेवारी १९३५ मधलं. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही थंडीत पंपाला ऑइल ओढायला अडचण येत नाही.

आता त्या दहा मिनिटांत आत काय घडतं ते पाहू. इंजिन गार आहे तोवर संगणक मुद्दाम जास्तीचं पेट्रोल सोडतो. सगळं जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतींवरची ऑइलचा पातळ थर धुऊन काढतं आणि रिंगांच्या फटीतून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पिस्टन त्याच भिंतींवर घासत राहतो. बिनभाराच्या इंजिनात इंधन थोडंच जळतं, त्यामुळे ते तापतंही सावकाश. म्हणजे हा झिजेचा काळ आपणच लांबवतो. शिवाय पाणी. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. गाडी पळत असली की सायलेन्सर तापतो आणि वाफ बाहेर पडते. उभ्या गाडीत ती गार पत्र्यावर थिजते, पाणी आत साचतं आणि सायलेन्सर आतून गंजायला लागतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्यावरच कामाला लागतो. तोवरचा सगळा विषारी धूर आपल्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांत जातो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. उभ्या गाडीत फार तर इंजिन तापेल. गिअरबॉक्समधलं ऑइल, चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, टायर हे सगळं गाडी चालल्याशिवाय गरम होतच नाही.

तेव्हा गाडी गरम करायची ती चालवून. सेल्फ मारा, सीटबेल्ट लावा, काच पुसा, आरसे बघा. एवढ्यात अर्धा मिनिट जातो आणि तेवढा पुरतो. मग निघा, पण पहिले तीन-चार किलोमीटर हात राखून. आरपीएम दोन-अडीच हजारांच्या आत, झटक्याने पिकअप नाही, लगेच हायवेला लागून ताणणं नाही. न्यूट्रलवर रेस करणं तर मुळीच नाही. गार इंजिनावर याहून मोठा जुलूम नाही. काही गाड्यांत कुलंट गार असताना निळा दिवा लागतो. तो विझला तरी आणखी थोडा वेळ सबुरीने घ्यावं, कारण ऑइल पुरेसं तापायला कुलंटपेक्षा जास्त वेळ लागतो.

डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर पिवळं वेटोळं दिसतं, ती हीटरची खूण. ते विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. डिझेल इंजिन नुसतं उभं राहून तर आणखीच हळू तापतं. सीएनजीवाल्यांनी सकाळी गाडी आधी पेट्रोलवर चालली तर बिघाड समजू नये. टाकीतला प्रचंड दाब उतरताना गॅस गारठतो आणि तो दाब उतरवणाऱ्या रिड्युसरला कुलंटची ऊब मिळेपर्यंत बऱ्याच गाड्या पेट्रोलवरच राहतात.

हे सारं आपल्या हवेपुरतं. लडाखमध्ये प्रश्न वेगळाच आहे. तिथे साध्या डिझेलमधलं मेण, थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजावं तसं थिजतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल तिथे आणलं. कॅनडात विनिपेग किंवा एडमंटनला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गाडीच्या नाकातून लोंबणारी विजेची वायर ओळखीची असेल. ती ब्लॉक हीटरची. निघण्याआधी दोन ते चार तास ती भिंतीवरच्या सॉकेटला जोडली की इंजिन चालू न करताच आतलं कुलंट ऊबदार राहतं. हे खरं गाडी गरम करणं, आणि त्या थंडीत ते हवंच. काचेवरचा बर्फ काढायला तिथे मिनिट-दोन मिनिटं जास्त थांबावं लागलं तरी ते रास्तच. दिसत नसताना गाडी काढू नये.

थंडीतला गाडीचा खरा शत्रू छोट्या फेऱ्या आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी घटतं. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे गारठा एवढा नसतो, पण कारण तेच: गाडी तापायच्या आत आपण ती बंद करतो. ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जायला वेळच मिळत नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांत तर अशा फेऱ्यांनी धुराचा फिल्टर काजळीने भरत जातो.

म्हणून घरी उभ्या असलेल्या गाडीला आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून बंद करण्याची पद्धतही सोडावी. तेवढ्यात बॅटरीतून सेल्फने घेतलेली वीजही धड भरून निघत नाही. त्याऐवजी गाडी वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणावी. आणि शटर लावलेल्या गॅरेजमध्ये तर इंजिन एक मिनिटही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड व्हायला लागेपर्यंत फार उशीर झालेला असू शकतो.