किडनीची गाळणी, एक जनुक आणि अख्खं घर

(व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय ऐकायला जरा जड आहे: कोलॅजनचं जनुक आणि किडनीचा आजार. पण त्याची सुरुवात आपल्या नांदेड-लातूरकडच्या घरातच होते. पोराला लालसर लघवी झाली की कुणीतरी म्हणतं, ‘उन्हाळी लागली असेल, धन्याचं पाणी द्या.’ दुसरं कुणी म्हणतं, ‘मुतखडा असेल.’ एप्रिल-मेच्या उन्हात हे अंदाज बऱ्याचदा बरोबरही निघतात. पण काही घरांत ही लाली दर सर्दी-तापाबरोबर परत येते. पुढं तेच पोर दहा-बारा वर्षांचं झालं की हाक मारलेली त्याला नीट ऐकू येत नाही. शाळेत म्हणतात, लक्ष नाही. लघवी आणि कान यांचा काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

हा संबंध १९२७ साली आर्थर सेसिल अल्पोर्ट या डॉक्टरांनी एका ब्रिटिश कुटुंबाच्या हकिकतीतून मांडला. त्या घरात लघवीतलं रक्त आणि बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. पुरुष तरुणपणीच जात, बायका मात्र म्हातारपणापर्यंत जगत. त्यांच्याच नावावरून आजाराला ‘अल्पोर्ट सिंड्रोम’ म्हणतात. मूळ कारण, म्हणजे कोलॅजनच्या जनुकातला दोष, १९९० मध्ये सापडलं.

गाळणी कशाची बनते?

आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी त्यांतून गाळलं जातं आणि बहुतेक सगळं परत रक्तात घेतलं जातं. या गाळणीला आधार देणारा एक पातळ पडदा असतो. तो कोलॅजनच्या जाळीचा बनतो. कातडीत आणि हाडात असतं ते कोलॅजन वेगळं. हे चौथ्या प्रकारचं.

बैलाचा कासरा आठवा. तीन पेड एकमेकांत पिळले की दोर तयार होतो. कोलॅजनही असंच तीन पेडांचं असतं. चौथ्या प्रकारात एकूण सहा पेड आहेत. किडनीच्या गाळणीत ३, ४ आणि ५ नंबरचे पेड मिळून दोर होतो. प्रत्येक पेडाचं स्वतंत्र जनुक आहे: कॉल-४-ए-३, कॉल-४-ए-४ आणि कॉल-४-ए-५. तिघांपैकी एक पेड आला नाही तर उरलेले दोन असूनही दोर वळला जात नाही. म्हणून तीन वेगवेगळ्या जनुकांतल्या दोषांनी आजार मात्र एकच होतो.

पिळातही एक खुबी आहे. पेडातला दर तिसरा मणी ‘ग्लायसीन’ असतो, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. तो पिळाच्या आतल्या बाजूला बसतो. तिथं जागाच तेवढी असते. जनुकात एक अक्षर बदललं आणि ग्लायसीनच्या जागी मोठा मणी आला की पिळ बिघडतो.

मग बाळ जन्मतःच आजारी का नसतं? कारण पोटात असताना किडनी १ आणि २ नंबरच्या पेडांवर काम भागवते. नंतर ३, ४, ५ चा मजबूत दोर यायचा असतो. तो आला नाही तर जुनीच जाळी वर्षानुवर्षं दाब सोसत झिजते. आधी रक्त झिरपतं, मग प्रथिनं जातात, शेवटी गाळणी बंद पडते. हाच दोर आतल्या कानात आणि डोळ्यातही असतो, म्हणून ऐकू कमी येतं.

दोष कुणाकडून?

हा प्रश्न घरात हमखास निघतो, आणि बोट बहुधा सुनेकडं जातं. नीट समजून घेऊ. ५ नंबरचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाकडं एक्स एकच, तो आईकडून आलेला. त्यात दोष असला तर दुसरी चांगली प्रत नसते. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांची किडनी पंचविशीपर्यंत निकामी होते. पण दहा-पंधरा टक्के वेळा दोष आईत नसतोच, मुलात नव्यानं आलेला असतो. आणि बापाला हा आजार असेल तर त्याच्या सगळ्या मुलींना दोष जातो, मुलग्यांना नाही.

३ आणि ४ नंबरची जनुकं दुसऱ्या गुणसूत्रावर आहेत. तिथं आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर गंभीर आजार होतो. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या नातेसंबंधांवर लिहिताना तिची दखल घेतली आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांची साधारण एक-अष्टमांश जनुकं सारखी असतात, त्यामुळं एकच दोष दोघांकडं असण्याची शक्यता वाढते. एक्सवरच्या प्रकाराचा मात्र नात्यातल्या लग्नाशी काही संबंध नाही.

आईची किडनी

सगळ्यांत नाजूक मुद्दा हा. पोराची किडनी गेली की आई पुढं येते, ‘माझी घ्या.’ पण एक्सवरच्या प्रकारात ती स्वतः दोष बाळगून असू शकते. अशा शंभरातल्या साधारण बारा बायकांची किडनी चाळिशीपर्यंत निकामी होते. एक किडनी दिल्यावर तिचा धोका आणखी वाढतो. म्हणून अशा आईची किडनी घेणं हा शेवटचा पर्याय मानतात. आधी तिची लघवी, रक्तदाब आणि जनुक तपासायचं. बाप, काका, आजी-आजोबा यांचा विचार करायचा. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवायचं. मराठवाड्याचं समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे.

आधी करण्यासारखं काय? लघवीची साधी पट्टी. जपानमध्ये १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासतात. आपल्याकडं निदान एवढं व्हावं: एका मुलात वारंवार रक्त दिसलं की आई, बाप, भावंडं, मावशी, मामा सगळ्यांची लघवी तपासावी, मुलाचे कान तपासावेत. निदान लवकर झालं तर रामिप्रिलसारखी रक्तदाबाची साधी गोळी डायलिसिस कित्येक वर्षं लांबवू शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, गरोदरपणात चालत नाही. आणि अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: नवीन किडनीत हाच आजार परत होतो का?
उत्तर: नाही. दात्याच्या किडनीत दोर नीट असतो. क्वचित, शंभरातल्या तीन ते पाच जणांत, शरीर त्या अनोळखी कोलॅजनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यासाठी पहिल्या वर्षी विशेष लक्ष ठेवतात.

प्रश्न: मुलीची लघवी तपासली आणि रक्त निघालं, तर तिचं लग्न कसं व्हायचं?
उत्तर: तुम्ही विचारलंत हे बरं झालं. या भीतीनंच घरं तपासणी टाळतात. पण न तपासल्यानं दोष जात नाही, फक्त औषधाची वर्षं जातात. तिला कळलं तर ती दरवर्षी लघवी आणि रक्तदाब तपासून घेईल, गरोदरपणात आधीच डॉक्टरांना सांगेल. आणि उद्या तिच्या मुलाला लाल लघवी झाली, तर ती त्याला उन्हाळी म्हणून सोडून देणार नाही.