परतीची लांब वाट : सिंधुदुर्गातील राखीव सैनिक आणि समुद्रापारची युद्धे

एरवी आपली शेती किंवा नोकरी सांभाळणारा आणि युद्धाचे बोलावणे येताच पलटणीत रुजू होणारा शिपाई म्हणजे राखीव सैनिक. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात ही पद्धत 1886 मध्ये सुरू झाली. काही वर्षे पलटणीत काढलेला शिपाई गावी परते. त्याला थोडा मासिक भत्ता मिळे आणि ठरावीक मुदतीने प्रशिक्षणासाठी हजर व्हावे लागे. 1914 मध्ये असे सुमारे 35,000 सैनिक होते. मराठा पलटणींना माणसे पुरवणाऱ्या मुलखात रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान यांचा समावेश होता. मालवण, देवगड आणि वेंगुर्ला हे तालुके तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. स्वतंत्र सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचे मुख्य रणक्षेत्र मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, हे होते. सावंतवाडीचे राजे बापूसाहेब महाराज यांनीही तेथे सेवा केली. 103 वी, 110 वी आणि 117 वी या तिन्ही मराठा पलटणी, तेथील कूत या शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर 1915 पासून चाललेला हा वेढा 29 एप्रिल 1916 रोजी शरणागतीने संपला आणि सुमारे 13,000 माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. अनेक हिंदी कैद्यांना रेल्वे बांधणीच्या कामाला जुंपण्यात आले. भूक, ताप आणि लांबच्या पायपिटीने त्यांतले कितीतरी जण वाटेतच दगावले. जे वाचले, त्यांच्यापैकी बहुतेकांना 1918 च्या अखेरीपर्यंत सुटकेची वाट पाहावी लागली.

तुर्कस्तानशी युद्धबंदी 30 ऑक्टोबर 1918 रोजी झाली, पण युद्ध थांबले म्हणून सैनिक लगेच सुटला नाही. जिंकलेला मुलूख राखायला सैन्य हवे होते. मे 1919 मध्ये तिसरे अफगाण युद्ध सुरू झाले आणि 1920 च्या उन्हाळ्यात इराकमध्ये उठाव झाला. त्या जुलैत रुमैथा येथे वेढल्या गेलेल्या फौजेत 114 व्या मराठा पलटणीचे शिपाई होते. युद्धबंदीला तेव्हा पावणेदोन वर्षे होत आली होती. घरी वाट पाहणाऱ्यांना या लांबणीचा अर्थ लावणे कठीणच होते.

इराकमधील बसरा बंदरातून निघालेले जहाज मुंबईला लागे. तेथून दक्षिण कोकणात जायला रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती 1998 मध्ये. किनाऱ्याच्या गावांना बोटीचाच आधार होता. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असे करत बोट मालवणला येई. खडकाळ किनाऱ्यामुळे ती दूर उभी राही आणि उतारू पडावातून धक्क्यावर येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. जूनमध्ये मुंबईला उतरलेल्या माणसापुढे दोनच मार्ग उरत : दर्या शांत होईपर्यंत थांबायचे, नाहीतर रेल्वेने कोल्हापूर किंवा बेळगाव गाठून घाट उतरायचा. भाताच्या लावणीला ज्या हातांची गरज असे, ते हात नेमके त्याच दिवसांत अडकून पडत.

घरी पोहोचल्यावर दुसरा प्रश्न उभा राही, तो पोटाचा. सैनिकाच्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या घराचे उत्पन्न त्याच्या सुटकेबरोबर आटे. 1917 मध्ये उभारलेली 111 वी महार पलटण 1921 मध्ये मोडली गेली. तिच्यात नव्याने भरती झालेल्यांची सेवा पेन्शनला पुरेल इतकी भरलीच नव्हती. सैनिकांच्या हितासाठी 1919 मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड हे त्याचेच पुढचे रूप.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या सुमारे 25 लाखांवर गेली. ऑगस्ट 1945 मध्ये जपानने शरणागती पत्करली, तरी ऑक्टोबरअखेरीस मराठा लाइट इन्फंट्रीची सहावी बटालियन जावातील सुराबाया येथे लढतच होती. इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणा आणि सैनिकांची सुटका लवकर करा, या मागण्या फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी उठावात मांडल्या. या वेळी सरकारने थोडी आधी तयारी केली होती. जुलै 1945 मध्ये पुनर्वसन आणि रोजगार संचालनालय स्थापन झाले आणि सुटलेल्या सैनिकांना काम मिळावे म्हणून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडली गेली. पुढे ती सर्वच बेकारांसाठी खुली झाली.

स्वतंत्र भारतात अर्धवेळ सैनिकाची जागा प्रादेशिक सेनेने, म्हणजे टेरिटोरियल आर्मीने, घेतली. तिचा कायदा 1948 चा असून 9 ऑक्टोबर 1949 रोजी तिचे उद्घाटन झाले. सिंधुदुर्गाला जवळची 109 टीए बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न असून तिचे ठाणे कोल्हापुरात आहे. 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेतही प्रादेशिक सेनेने भाग घेतला. त्या मोहिमेत अकराशेहून अधिक भारतीय सैनिक कामी आले. शेवटची तुकडी 24 मार्च 1990 रोजी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासमधील स्वागत समारंभावर तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी बहिष्कार घातला. सैनिकाने आज्ञेने केलेल्या कामाचा राग त्याच्या परतीच्या दिवशी काढला जाणे, हे त्याच्यावर अन्यायाचेच होते.

प्रादेशिक सेनेच्या 1948 च्या कायद्यातील कलम 7-अ हे या सैनिकांसाठी मोलाचे आहे. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परतल्यावर, पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर, नोकरीत परत घेणे हे मालकाचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. मेसोपोटेमियाहून परतलेल्या कोकणच्या शिपायाला असा आधार नव्हता.

बसऱ्याच्या स्मारकावर 40,000 हून अधिक मृतांची नोंद आहे, परंतु सामान्य हिंदी शिपायांची नावे तेथे कोरली गेली नाहीत. त्यांची केवळ संख्या दिली गेली. ही उणीव गावांनी भरून काढली पाहिजे. ज्या घरांत जुने डिस्चार्जचे कागद, पदके किंवा पेन्शनची पुस्तके असतील, त्यांनी ती जपावीत, त्यांच्या प्रती काढाव्यात आणि गावाच्या इतिहासात या माणसांची नावे लिहून ठेवावीत.