समुद्रावरची हाक अन् मांजराकाठचा निरोप

वाशी म्हटलं की मुंबईकराला खाडीकाठची वाशी आठवते. आपली वाशी बालाघाटच्या माळावरची. समुद्राशी आपला संबंध सुक्या मासळीपुरता. तरीही समुद्रावरची एक पद्धत आपल्या तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे.

कोकणातली होडी किनाऱ्यापासून लांब गेली की मोबाइलची रेंज संपते. तिथे कामाला येतो तो व्हीएचएफ रेडिओ संच. त्यातला चॅनल १६ जगभर संकटाच्या हाकेसाठी ठरलेला आहे. मोठा संच २५ वॅटचा असतो. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना जितका उंच तितकी हाक लांब. फोन एकालाच लागतो. ही हाक मात्र टप्प्यातल्या सगळ्या संचांवर एकदम जाते, त्यामुळे तटरक्षक दल पोहोचण्याआधी शेजारची होडीही धावून येऊ शकते.

हाकेची रीत ठरलेली आहे. आधी तीनदा 'मेडे' म्हणायचे. हा शब्द 'मला मदत करा' अशा अर्थाच्या फ्रेंच बोलावरून आला. मग होडीचे नाव तीनदा. पुन्हा एकदा मेडे आणि नाव, त्यानंतर लगेच ठिकाण, मग काय झाले, कोणती मदत हवी, माणसे किती. शेवटी 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचे. बटण दाबून धरले तर समोरच्याचे उत्तर ऐकूच येत नाही, बरं का! ठिकाण आधी का? संच मध्येच बंद पडला तरी कुठे जायचे ते कळलेले असते. बाकीच्यांनी तेवढा वेळ त्या चॅनलवर गप्प राहायचे.

हाक वेळेवरही हवी. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपलीकडच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ जण होते. नौदलाने उसळत्या समुद्रातून १८० हून अधिक माणसे काढली, तरी ७० च्या वर दगावली. वादळाचा इशारा काही दिवस आधीच आलेला होता.

आता आपल्याकडचे पाहा. मांजराला पूर आला की फोन जातो, "साहेब, लवकर या, पाणी आलंय!" आणि फोन बंद. गाव कोणते, वस्ती कोणती, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, काहीच कळत नाही. परत फोन लावावा तर तो गुंतलेला, कारण गावातले सगळेच एकदम फोन करीत असतात. म्हणून गावाने एकच माणूस नेमावा. त्याने ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर ठिकाण, घटना, माणसे, लेकरे-म्हातारी किती हे त्याच क्रमाने सांगावे आणि फोन मोकळा ठेवावा. हा क्रम चावडीच्या भिंतीवर रंगवून घ्यायला खर्च तो किती?

दावणीची जनावरे पाणी चढण्याआधीच सोडा. आणि वस्तीनिहाय माणसांची यादी पोळ्याच्या आत पोलीस पाटलांकडे असू द्या. शेतात राहणारे सालगडी आणि मेंढपाळांचे वाडे यादीतून हमखास सुटतात, त्यांची नावे आधी लिहा.